०.७ ग्रॅमचा खडा: फुकुशिमाच्या अणुभट्टीत रोबोंची चौदा वर्षे

७ नोव्हेंबर २०२४ रोजी जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीतून वितळून थिजलेल्या इंधनाचा एक खडा बाहेर काढण्याचे काम पूर्ण झाले. हा खडा सुमारे ९ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता आणि त्याचे वजन जेमतेम ०.७ ग्रॅम भरले. अपघातग्रस्त तिन्ही भट्ट्यांच्या तळाशी असे सुमारे ८८० टन थिजलेले इंधन पडून असल्याचा अंदाज आहे. हा एक खडा हाती येईपर्यंत अपघाताला साडेतेरा वर्षे उलटून गेली होती आणि एकामागून एक आत पाठवलेल्या रोबोंपैकी काही कायमचे आतच राहिले होते.

रोबोशास्त्राच्या प्रगतीविषयी बोलताना चालणारी, उड्या मारणारी आणि माणसाशी संवाद साधणारी यंत्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. फुकुशिमाचे प्रकरण मला अधिक मोलाचे वाटते, कारण येथे प्रत्येक यंत्राला खऱ्या परिस्थितीत, दुरुस्तीची संधी नसताना काम करावे लागले. या प्रकरणातील नोंदी क्रमाने पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, येथील यशापयश रोबोच्या अंगच्या करामतींपेक्षा तीन साध्या गोष्टींवर ठरले: आत शिरण्याची वाट किती रुंद आहे, आदेश आणि चित्रे कोणत्या मार्गाने ये-जा करतात, आणि अडकल्यास यंत्र परत कसे येणार. पुढील मांडणी याच तीन प्रश्नांच्या अनुषंगाने केली आहे.

परिस्थिती

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानच्या किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वेळी केंद्रातील सहापैकी १, २ आणि ३ क्रमांकाच्या भट्ट्या चालू होत्या आणि त्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. मात्र अणुभट्टी बंद झाली तरी तिच्यातील इंधन बराच काळ उष्णता देत राहते आणि ते सतत थंड ठेवावे लागते. त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनित्रे व विजेची उपकरणे बुडाली, पाणी फिरवणारी यंत्रणा थांबली आणि तिन्ही भट्ट्यांतील इंधन वितळले. वितळलेले इंधन ज्यात होते त्या मुख्य पात्राचा तळ भेदून खाली उतरले आणि पोलाद व काँक्रीट यांच्याशी मिसळून थिजले. १२, १४ आणि १५ मार्चला हायड्रोजनच्या स्फोटांनी अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीच्या इमारतींची पडझड झाली.

साफसफाईत माणसाला मर्यादित स्थान का होते, हे आकड्यांवरून लक्षात येते. जपानमध्ये किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या कामगाराला एका वर्षात जास्तीत जास्त ५० मिलिसीव्हर्ट आणि पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट एवढी मात्रा घेण्याची मुभा आहे (सीव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक आणि मिलिसीव्हर्ट हा त्याचा हजारावा भाग). एकाच वेळी सुमारे ४ सीव्हर्ट मात्रा शरीरात गेली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. भट्टीभोवतीच्या संरक्षक पात्रात काही ठिकाणी ताशी १० सीव्हर्टच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याच्या कित्येक पट पातळी आढळली. म्हणजे अशा ठिकाणी उभा राहिलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत त्या प्राणघातक मात्रेपर्यंत पोहोचेल. यंत्रांचेही तेथे फारसे बरे चालत नाही. गॅमा किरणांमुळे इलेक्ट्रॉनिक भागांमध्ये विद्युतभार साठत जातो, कॅमेऱ्याची काच तपकिरी पडते, चित्रावर पांढरे ठिपके नाचू लागतात आणि अखेर पडदा काळा होतो.

पहिली यंत्रे

यंत्रमानवांचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या जपानकडे त्या क्षणी या कामासाठी सज्ज असलेला रोबो नव्हता. १९९९ मध्ये तोकाइमुरा येथील इंधनप्रक्रिया कारखान्यात अपघात झाल्यानंतर अशी यंत्रे तयार करण्यात आली होती, परंतु ती चालू स्थितीत ठेवण्याची, त्यांच्यावर सराव करण्याची आणि त्यांत सुधारणा करत राहण्याची व्यवस्था टिकली नाही. यंत्र बनवणे आणि ते कामासाठी तयार ठेवणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि दुसरी जबाबदारी बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते, असे मला येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

त्यामुळे १७ एप्रिल २०११ रोजी भट्टीच्या इमारतीत शिरलेली पहिली जमिनीवरची यंत्रे अमेरिकेतून आलेले पॅकबॉट होते. रणांगणावर स्फोटके शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या रोबोंना पट्ट्यांवर चालण्याची सोय व एक लांब हात असतो. ते जोडीने आत गेले आणि त्यांनी पहिल्या व तिसऱ्या इमारतीतील तापमान, आर्द्रता व किरणोत्सर्ग मोजला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या इमारतीत मात्र वाफेमुळे कॅमेऱ्याच्या भिंगावर बाष्प जमले आणि चालकाला फारसे काही दिसेना. युद्धभूमीवर कसाला उतरलेले यंत्र साध्या दमटपणापुढे हतबल झाले.

जूनमध्ये चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, तोहोकू विद्यापीठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला क्वीन्स हा जपानी रोबो दाखल झाला. तो ढिगाऱ्यावरून व जिन्यांवरून चढू शकत होता. मुळात तो बिनतारी संदेशांवर चालणारा होता, पण अणुभट्टीच्या जाड काँक्रीट भिंतींमधून रेडिओलहरी पोहोचत नाहीत, म्हणून त्याला केबल जोडावी लागली. २० ऑक्टोबर २०११ रोजी दुसऱ्या भट्टीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून परतताना त्याची केबल निकामी झाली आणि संपर्क तुटला. यंत्र ठणठणीत होते, त्याचे पट्टे फिरत होते, पण त्याला आदेश देण्याचा मार्ग उरला नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या सुधारित क्वीन्समध्ये केबल आपोआप गुंडाळून घेण्याची सोय करण्यात आली.

आत अडकलेले रोबो

इमारतीत फिरणे आणि संरक्षक पात्राच्या आत उतरणे यांत मोठा फरक आहे. पात्र हवाबंद असते. आत जायचे तर भिंतीतून आधीपासून गेलेल्या एखाद्या नळीचाच आधार घ्यावा लागतो. पहिल्या भट्टीसाठी उपलब्ध वाट अवघ्या १०० मिलिमीटर व्यासाची होती. म्हणून असा रोबो बनवण्यात आला, जो नळीतून जाताना सरळ काठीसारखा लांबट राहील आणि आतल्या लोखंडी जाळीवर उतरल्यावर दोन्ही टोके वळवून स्थिर उभा राहील. १० एप्रिल २०१५ रोजी हा रोबो सुमारे १० मीटर पुढे गेला आणि जाळीतील फटीत अडकून थांबला. त्याची केबल कापून त्याला आतच सोडावे लागले. मात्र तोपर्यंत त्याने ठरवलेल्या १८ पैकी १४ ठिकाणांची पाहणी पूर्ण केली होती आणि तेथील किरणोत्सर्ग अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे कळले होते. त्या दिवशीच्या बातम्यांमध्ये ‘रोबो निकामी’ एवढेच ठळकपणे आले. माझ्या दृष्टीने ही मोहीम बव्हंशी सफल होती, कारण यंत्र परत आणणे हा तिचा हेतू नव्हता, माहिती आणणे हा होता.

फेब्रुवारी २०१७ मधील दुसऱ्या भट्टीची मोहीम मात्र मी तितक्या उदारपणे पाहू शकत नाही. तोशिबाच्या नेतृत्वाखाली तयार झालेला हा रोबो सुमारे ६० सेंटिमीटर लांब होता, विंचवासारखी शेपटी वर उचलून तिच्यावरील कॅमेऱ्याने पाहू शकत होता आणि एकूण १००० सीव्हर्ट मात्रा सोसेल असा त्याचा आराखडा होता. त्याने एका अरुंद रुळावरून सरकत भट्टीखालच्या काँक्रीटच्या गोल बैठकीपर्यंत जायचे होते. रुळावर थिजलेल्या पदार्थांचे थर असल्याने ९ फेब्रुवारीला आधी एक साफसफाईचे यंत्र पाठवण्यात आले. पाण्याचा झोत आणि खरवडणारे पाते यांच्या साहाय्याने त्याने काम सुरू केले, परंतु सुमारे दोन तासांत त्याच्या कॅमेऱ्याचे चित्र काळवंडू लागले आणि त्याला मागे घ्यावे लागले. वाट पुरती मोकळी झालेली नसतानाच १६ फेब्रुवारीला विंचू रवाना झाला. रुळावरील थराने त्याचे पट्टे जाम झाले आणि बैठकीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो थांबला.

याच मोहिमेशी निगडित एक गोष्ट जाता जाता सांगणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याच्या चित्रावर उमटलेल्या ठिपक्यांवरून आतील पातळी आधी ताशी ५३० आणि नंतर ६५० सीव्हर्ट असल्याचा अंदाज जाहीर झाला आणि तो जगभर छापला गेला. केंद्र चालवणाऱ्या टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने, म्हणजे टेपकोने, त्याच वर्षी जुलैमध्ये हे आकडे अनुक्रमे ७० आणि ८० असे दुरुस्त केले. आजही अनेक लेखांत जुनेच आकडे वाचायला मिळतात.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या एका घटनेशी तुलना करणे उद्बोधक ठरते. फुकुशिमाच्या अनुभवावरून अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, आपत्तीत काम करणाऱ्या रोबोंची स्पर्धा योजली. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे तिची अंतिम फेरी झाली. गाडी चालवणे, दार उघडणे, झडप फिरवणे, जिना चढणे अशी आठ कामे दक्षिण कोरियाच्या कैस्ट संस्थेच्या रोबोने ४४ मिनिटे २८ सेकंदांत पूर्ण केली आणि २० लाख डॉलरचे पारितोषिक मिळवले. इतर अनेक रोबो दाराशी किंवा पायरीवर कोसळले. त्या स्पर्धेतून संशोधनाला मोठी चालना मिळाली, यात शंका नाही. मात्र फुकुशिमाच्या पात्रात जे रोबो उतरले, त्यांपैकी एकालाही माणसासारखे हातपाय नव्हते. मराठीत आपण रोबोला ‘यंत्रमानव’ म्हणतो, पण १०० मिलिमीटरच्या नळीतून मानवाचा आकार जाऊ शकत नाही.

पोहणारा रोबो

तिसऱ्या भट्टीच्या संरक्षक पात्रात सुमारे ६ मीटर पाणी होते आणि उपलब्ध नळीचा आतला व्यास १४० मिलिमीटर होता. या दोन मोजमापांवरून रोबोचे स्वरूप ठरले: १३ सेंटिमीटर व्यासाचे, ३० सेंटिमीटर लांबीचे, छोट्या पंख्यांवर पोहणारे यंत्र. जपानीत ‘मांबो’ म्हणजे सूर्यमासा, म्हणून त्याचे नाव पडले मिनी मांबो. योकोसुका येथील पाण्याच्या टाकीत त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. आतील कोसळलेल्या सांगाड्यातून केबल कुठेही न गुंतवता जाणे आणि तळाचा गाळ न ढवळता पाहणे ही त्याच्या चालकांपुढची खरी कसोटी होती, कारण गाळ एकदा उठला की दिसणेच बंद होते.

१९, २१ आणि २२ जुलै २०१७ असे तीन दिवस मांबो आत उतरला. पहिल्या दिवशी तो बैठकीच्या आत पोहोचला. दुसऱ्या दिवशी मुख्य पात्राच्या तळाजवळ हिमलोलकासारखे लोंबणारे, वितळून थिजलेले पदार्थ दिसले. तिसऱ्या दिवशी जमिनीवर साचलेले, काही ठिकाणी सुमारे एक मीटर जाडीचे, खडकासारखे थर आढळले. अपघातानंतर सहा वर्षांनी, जे वितळलेले इंधन असावे असे मानता येईल, ते त्या भट्टीत प्रथमच कॅमेऱ्यात आले. तिसऱ्या दिवसापर्यंत यंत्र शाबूत होते आणि ते परत आले.

दुसऱ्या भट्टीत यानंतर रोबो चालवण्याचा हट्ट सोडून देण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये लांब होत जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला कॅमेरा लटकवून खाली सोडण्यात आला, तेव्हा खड्यांसारखे थर आणि इंधनजुडीच्या वरच्या भागाचा तुकडा दिसला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याच पद्धतीने दोन बोटांचा चिमटा खाली उतरवून सहा ठिकाणी स्पर्श करण्यात आला. पाच ठिकाणचे खडे हलले आणि एका ठिकाणचा थर घट्ट बसलेला निघाला. थिजलेले इंधन उचलता येईल की नाही या प्रश्नाचे पहिले प्रत्यक्ष उत्तर या दोन बोटांनी दिले. चालणाऱ्या विंचवाला जे जमले नाही, ते काठीला लटकवलेल्या उपकरणाने साधले.

पहिल्या भट्टीत २०२२ पासून पाण्याखालच्या वाहनांची एक मालिकाच सोडण्यात आली. त्यांतील पहिल्या वाहनाचे मुख्य काम मोजमापाचे नव्हते. वाटेत चुंबकाच्या साहाय्याने कड्या बसवणे हे त्याला सोपवले होते, जेणेकरून मागून येणाऱ्या वाहनांच्या केबली त्या कड्यांमधून जातील आणि कोठे अडकणार नाहीत. २०११ मध्ये क्वीन्सने शिकवलेला धडा येथे स्वतंत्र यंत्राच्या रूपाने उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये एक वाहन बैठकीच्या आत शिरले, तेव्हा तळापासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत काँक्रीट नाहीसे होऊन सळया उघड्या पडल्याचे दिसले. याच बैठकीवर भट्टीचा भार असल्याने भूकंपात ती टिकेल का, हा प्रश्न त्या चित्रांमुळे ऐरणीवर आला.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच पात्रातील पाण्यावरच्या भागात अवघ्या १८५ ग्रॅम वजनाचे छोटे ड्रोन उडवण्यात आले. त्यांच्या मागे केबल ओढत नेणे अशक्य होते आणि बिनतारी लहरी पात्राबाहेर येत नव्हत्या. यावर उपाय म्हणून सापासारखा एक रोबो आधी आत नेऊन त्याच्याकडे संदेश पुढे पोहोचवण्याचे काम देण्यात आले. केबल साप ओढणार आणि ड्रोन मोकळे उडणार, ही विभागणी मला या सबंध प्रकरणातील सर्वांत चातुर्याची वाटते.

खडा बाहेर कसा आला

दुसऱ्या भट्टीतून नमुना काढण्यासाठी सुमारे २२ मीटर लांबीचा रोबोहात मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज आणि ब्रिटनमधील एका कंपनीच्या सहकार्याने विकसित होत होता. हे काम २०२१ मध्ये सुरू व्हायचे होते. साथीच्या काळात ब्रिटनमधील काम रेंगाळले, मग चाचण्यांमध्ये सुधारणा निघत गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पात्रात शिरण्याच्या मार्गाचे झाकण उघडल्यावर संपूर्ण मार्ग थिजलेल्या पदार्थांनी बुजलेला दिसला. तो पूर्ण मोकळा न करता काम साधेल म्हणून, आधी वापरलेल्या दांड्याच्याच जातीचे, गळासारखे लांब होणारे उपकरण पुढे करण्यात आले. त्याच्या टोकावरून तारेने चिमटा खाली सोडता येतो.

२२ ऑगस्ट २०२४ रोजी काम सुरू होताच थांबले. उपकरणाला मागून ढकलण्यासाठी प्रत्येकी दीड मीटर लांबीचे पाच नळ एकामागोमाग जोडायचे होते आणि त्यांचा क्रम चुकला होता. संपूर्ण संरक्षक पोशाख आणि चेहऱ्यावर मुखवटा घालून, मोजक्या मिनिटांत, प्रत्येकी सुमारे ९५ किलो वजनाचे नळ हलवणाऱ्या कामगारांना मी दोष देणार नाही. जोडणीच्या तपासणीत आपण पुरेसे लक्ष घातले नाही, हे टेपकोने नंतर मान्य केले. १० सप्टेंबरला काम पुन्हा सुरू झाले आणि १४ तारखेला चिमट्याने खडा पकडून पाहिला, पण १७ तारखेला टोकाकडील दोन कॅमेऱ्यांचे चित्र येईनासे झाले. किरणोत्सर्गामुळे कॅमेऱ्यातील भागांवर विद्युतभार साठल्याचे कारण पुढे आले. कॅमेरे बदलण्यात आले आणि २८ ऑक्टोबरला उपकरण तिसऱ्यांदा आत निघाले.

३० ऑक्टोबरला चिमट्याने खडा उचलला. ५ नोव्हेंबरला त्यापासून २० सेंटिमीटर अंतरावर ताशी सुमारे ०.२ मिलिसीव्हर्ट एवढी पातळी मोजली गेली. ती ठरवलेल्या २४ मिलिसीव्हर्टच्या मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी होती, म्हणून नमुना बाहेर काढण्यास हरकत उरली नाही. १२ नोव्हेंबरला तो इबाराकी प्रांतातील ओआराई येथील प्रयोगशाळेत पोहोचला आणि तपासणीत त्यात युरेनियम आढळले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच उपकरणाने दुसरा, सुमारे ०.२ ग्रॅमचा नमुना आणला. दोन्ही मिळून अंदाजित ८८० टनांचा साधारण एक अब्जांश भाग बाहेर आला.

याच केंद्रात रोबोशास्त्राच्या चर्चेत क्वचितच येणारे एक काम पूर्णत्वाला गेले आहे. तिसऱ्या भट्टीच्या इमारतीतील वरच्या हौदात ठेवलेल्या ५६६ इंधनजुड्या एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२१ या काळात दूरनियंत्रित यारीने काढण्यात आल्या. त्यासाठी आधी स्फोटाचा ढिगारा उपसला गेला, छतावर घुमटाकार आच्छादन उभे राहिले आणि यारीतील बिघाड २०१८ मध्ये एकेक करून दूर करावे लागले. तेथे वाट प्रथम बांधली गेली आणि यंत्र नंतर चालले. वितळलेल्या इंधनाच्या बाबतीत नेमकी उलटी स्थिती होती: यंत्र तयार असायचे आणि वाट कशी असेल हे ते आत गेल्यावरच कळायचे.

जुलै २०२५ मध्ये टेपकोने तिसऱ्या भट्टीतून मोठ्या प्रमाणावर इंधन काढण्याचा आराखडा मांडला. पात्राच्या वरून आणि बाजूने अशा दोन्ही दिशांनी काम करण्याचे त्यात योजले असून केवळ तयारीलाच १२ ते १५ वर्षे लागतील आणि प्रत्यक्ष काम २०३७ किंवा त्यानंतर सुरू होईल, असा अंदाज आहे. या तयारीत आसपासच्या इमारती हटवून जागा मोकळी करणे आणि पात्राच्या वर नवी बांधकामे उभारणे यांचा समावेश आहे. तिकडे नाराहा येथील दूरनियंत्रण तंत्रज्ञानाच्या केंद्रात भट्टीच्या आतील मार्गाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारलेली आहे. २२ मीटरचा हात तिच्यातून आत घालून, कोठेही न टेकवता परत काढण्याची तालीम त्याच प्रतिकृतीवर घेतली गेली.